तापलेला तवा नळाखाली का धरू नये: नव्या स्वयंपाकघरात भांडी सांभाळायची रीत

पोळ्या झाल्या की गॅस बंद, तवा सांडशीत आणि तसाच नळाखाली. चर्रर्र आवाज, वाफेचा लोट, दोन मिनिटांत तवा घासून जागेवर. सकाळच्या घाईत हे अनेक घरांत रोज होतं आणि रोज काही बिघडत नाही, म्हणूनच तर सवय लागते. मग काही महिन्यांनी तवा शेगडीवर डुगडुगायला लागतो. डोसा मधोमध करपतो नि कडेला पांढराच राहतो. तेल घातलं की ते मध्यभागी न थांबता काठाकडे पळतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "गरम भांड्यावर पाणी टाकलं असणार." बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

नोकरीसाठी नव्या शहरात खोली घेतलेले, नवा संसार मांडलेले, किंवा परदेशात जाऊन काचेच्या सपाट शेगडीशी पहिल्यांदाच गाठ पडलेले, अशांसाठी हा लेख आहे. घरी आईच्या हाताखाली वावरताना यातलं बरंचसं आपोआप कळतं, पण कारण कोणी सांगत नाही. कारण कळलं की कुठे जपायचं आणि कुठे उगाच घाबरायचं नाही, हेही कळतं.

मुळात होतं काय

धातू तापला की पसरतो, निवला की आकसतो. एक मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापवली तर ॲल्युमिनियमची साधारण २.३ मिलिमीटर वाढते, पितळेची १.९, तांब्याची आणि नेहमीच्या स्टेनलेस स्टीलची १.७, साध्या लोखंडाची १.२ आणि बिडाची एकाच्या थोडी वर. तव्याच्या मापात सांगायचं तर ३० सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा तवा ३० अंशांवरून २३० अंशांवर गेला की जवळजवळ १.४ मिलिमीटरने रुंद होतो. सगळा तवा एकसारखा रुंदावला आणि एकसारखा आकसला, तर त्याला काहीच होत नाही. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा त्याचा एक भाग गार पाण्याने चटकन आकसतो आणि शेजारचा तापलेला भाग त्याला जागा सोडत नाही. मग धातूच्या आत ओढाताण सुरू होते. धातू मऊ असेल तर तो वाकतो, ठिसूळ असेल तर तडकतो, आणि वर दुसऱ्या कशाचा थर असेल तर तो थर सुटतो.

तापलेल्या तव्यावर पाणी पडताना नीट बघितलंत तर आणखी एक गंमत दिसेल. तवा २०० अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर थेंब लगेच आटत नाही. गोळी होऊन तव्यावर इकडून तिकडे पळतो. त्याच्याखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये याचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून शास्त्रात त्याचंच नाव आहे. नळाची धार पडते तेव्हाही सुरुवातीला असाच वाफेचा पडदा असतो. तो सगळीकडे एकाच वेळी फाटत नाही. आधी इथे, मग तिथे. जिथे फाटतो तिथे पाणी थेट धातूला भिडतं आणि तेवढाच तुकडा झपकन गार होतो. म्हणजे तव्यावर एकाच क्षणी गार आणि गरम ठिगळं पडतात. भांडं वेडंवाकडं होतं ते यामुळे.

पायरी १: जपायचं कोणतं भांडं, ते ठरवा

सगळ्याच भांड्यांना सारखं जपत बसलात तर चार दिवसांत कंटाळाल. एक साधी खूण धरा: कोरडं तापलेलं भांडं जपायचं.

पातेल्यात आमटी उकळत असेल तर आतली बाजू १०० अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही, कारण पाणी तिथे उष्णता खाऊन वाफ होत राहतं. अशा भांड्यात तुम्ही पेलाभर गार पाणी ओतलंत तर चवीचं आणि शिजण्याचं नुकसान होईल, धातूचं होणार नाही. तवा, फ्रायपॅन, तळणीची कढई, रिकामं ठेवून विसरलेलं पातेलं, पाणी आटलेला कुकर ही खरी धोक्याची मंडळी. तळणीचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं, पोळीचा तवा २०० च्या पुढे सहज जातो, आणि मोठ्या आचेवर रिकामा राहिलेला पातळ तवा काही मिनिटांत त्याच्याही खूप वर जातो.

आता धातू ओळखा. लोहचुंबक, वजन आणि आवाज एवढ्यावर काम भागतं.

बीड जड, काळं, किंचित खरबरीत. आंबोळ्या-घावनांचा तो पारंपरिक तवा. यात कार्बन २ ते ४ टक्के असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात आतभर पसरलेला असतो. तो प्रत्येक पापुद्रा म्हणजे तडा सुरू व्हायला तयार जागा. त्यामुळे बीड वाकत नाही, थेट फुटतं. "टण्ण" असा एकच आवाज येतो आणि काठापासून आत चीर गेलेली दिसते.

पत्र्याचा लोखंडी तवा वेगळा. त्यात कार्बन अगदी कमी, धातू चिवट. तो तडकत नाही, वाकतो. आणि आपला जुना पोळीचा तवा मुळातच खोलगट असल्यामुळे पसरण्या-आकसण्याला त्याच्या आकारातच थोडी मुभा मिळते. सपाट तव्याला ती मिळत नाही. इंडक्शन घरोघरी आलं, सपाट बुडाची भांडी आली आणि मग भांडी वाकल्याच्या तक्रारी वाढल्या, यामागे हे एक कारण आहे असं मला वाटतं. पूर्वीही भांडी वाकत होतीच, पण गॅसच्या जाळीवर ते जाणवत नव्हतं.

ॲल्युमिनियम, म्हणजे गावाकडे ज्याला जर्मनचं भांडं म्हणतात ते, हलकं आणि मऊ. त्याच्यात उष्णता झटपट पसरते हा त्याचा गुण, पण ते पसरतंही सर्वांत जास्त. पातळ असेल तर हमखास पोचे येतात.

स्टेनलेस स्टील उष्णता वाहून नेण्यात फारच मंद. तांबं त्याच्या सुमारे २५ पट चांगलं, ॲल्युमिनियम १० ते १५ पट. त्यामुळे स्टीलच्या भांड्यात बर्नरच्या वरची जागा लाल व्हायला येते आणि चार बोटांवरचा काठ कोमटच असतो. गार पाणी न घालताही ते स्वतःतच दोन तापमानांत असतं.

ट्रायप्लायच्या भांड्यात मधे ॲल्युमिनियम आणि दोन्हीकडून स्टील. बाहेरचं स्टील चुंबकाला चिकटणारं असतं, आणि ते १०० अंशांना मीटरमागे एक मिलिमीटरच्या आसपासच वाढतं. मधलं ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये अशाच दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की वाकते आणि वीज तोडते. तिथे वाकणं हेच तिचं काम. भांड्यात मात्र दोन्हीकडून स्टील असल्यामुळे ओढ बरीचशी तोलली जाते आणि हळूहळू तापलं-निवलं तर भांडं सरळ राहतं. घाई केली की तोल जातो. ज्यांच्या फक्त बुडालाच जाड चकती चिकटवलेली असते, अशा भांड्यांची चकती वारंवारच्या धक्क्यांनी कडेने सुटते. मग धुताना त्या फटीत पाणी शिरतं आणि पुढच्या वेळी तापवताना आतून फुस्स आवाज येतो. तो आवाज आला की ते भांडं शेगडीवरून कायमचं उतरवा.

पायरी २: तापवतानाही घाई नको

गार पाण्याची भीती सगळे घालतात, पण अचानक तापवण्याने होणारं नुकसान कोणी सांगत नाही. इंडक्शनवर रिकामा फ्रायपॅन ठेवून थेट २००० वॉट लावले की कॉइलच्या वरचं वर्तुळ क्षणात तापतं. ते पसरू बघतं, पण बाहेरची कड अजून गार आणि घट्ट. बाजूला पसरायला जागा नाही म्हणून मधला भाग वर तरी फुगतो किंवा खाली तरी उतरतो. काही वेळा निवल्यावर परत बसतो, काही वेळा "टक्" आवाज करून तसाच राहतो.

रीत अशी ठेवा. गॅस असो की इंडक्शन, पहिली दोन-तीन मिनिटं मंद ते मध्यम. बिडाच्या तव्याला पाच मिनिटं द्या. बीड उष्णता सावकाश घेतं आणि एकदा घेतली की लवकर सोडत नाही. ज्योत बुडाच्या घेराबाहेर जाता कामा नये. लहान भांड्याला लहान बर्नर, मोठ्याला मोठा. मोठा तवा लहान बर्नरवर ठेवायचाच असेल तर अधूनमधून थोडा फिरवत राहा.

फ्रीजमधून काढलेलं आंबवलेलं पीठ किंवा मुरवलेलं चिकन तव्यावर घालायला हरकत नाही. फ्रीझरमधला दगड झालेला बांगडा मात्र तापलेल्या बिडावर थेट टाकू नका. त्याचा बर्फ वितळेपर्यंत थांबलात तर मासाही नीट भाजला जाईल, पाणी सुटून लगदा होणार नाही.

काजूकतलीच्या पाकापासून ते पुरणाच्या चटक्यापर्यंत कशासाठीही असो, रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये. बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा.

पायरी ३: स्वयंपाक चालू असताना पाणी घालायचं कसं

याची आपल्याकडे फार चांगली रीत आधीपासून आहे. भाजी वाफेवर ठेवली की वर ताटली झाकून त्या ताटलीत पाणी ठेवतात. खालच्या वाफेने ते तापतं. भाजीला पाणी लागलं की तेच घालायचं. उसळीला आधणाचं पाणी, पिठल्याला आधणाचं पाणी, हेही तेच. चव बिघडू नये म्हणून सांगितलं जातं, पण त्यात भांडंही वाचतं.

कढईत फोडणी झाली आहे, कांदा परतून झाला आहे आणि पाणी घालायचं आहे, अशा वेळी भांडं जवळपास कोरडं आणि १५० अंशांच्या वर असतं. गरम पाणी नसेल तर आच कमी करा, आधी भाजी किंवा टोमॅटो घाला, आणि पाणी धातूवर न ओतता त्या भाजीवर ओता, तेही थोडं थोडं. खाली साचलेलं तेल जास्त असेल तर पाणी अजिबात नको. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० ते १७०० पट जागा घेते. तेलाखाली शिरलेला चमचाभर पाण्याचा थेंबसमूह क्षणात एवढा फुगला की उकळतं तेल तोंडावर येतं. भांड्याचं नुकसान दुकानात भरून निघतं, भाजल्याचं निघत नाही. आणि तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण सरकवा.

इथे हमखास एक प्रश्न येतो. डोसेवाले तर दर डोशाआधी तव्यावर पाणी शिंपडतात, त्यांचे तवे कसे टिकतात? हिशेब करून बघा. दोन किलोचा तवा आहे आणि त्यावर १० मिलिलीटर पाणी शिंपडलं. सगळ्याची वाफ झाली तरी तवा सरासरी २५ ते ३० अंशांनीच उतरतो. शिवाय शिंतोडे सगळीकडे सारखे पडतात, त्यातले बरेच उडून जातात, आणि लगेच कांद्याने किंवा फडक्याने पुसलं जातं. नळातून मात्र सेकंदाला शंभर मिलिलीटर पाणी सहज येतं, आणि ते एकाच जागी पडतं. घरी डोसे करताना तुम्हीही बिनधास्त शिंपडा. बोटांनी शिंपडायचं, वाटीने ओतायचं नाही.

लोखंडी पळी लालबुंद तापवून ताकात किंवा आमटीत बुडवतात, तिचंही काही बिघडत नाही. ती लहान, जाड आणि चिवट लोखंडाची असते. तिला वाकायला सपाट पसरट अंगच नसतं.

पायरी ४: उतरवल्यावर ठेवायचं कुठे

ओल्या ओट्यावर नको. ग्रॅनाइट किंवा कडप्प्याचा ओटा बुडातली उष्णता भराभर ओढून घेतो, त्यात पाणी सांडलेलं असेल तर विचारायलाच नको. बुडाचा अर्धा भाग ओल्यात, अर्धा कोरड्यात, असं झालं की पुन्हा तीच ओढाताण. अडणी वापरा. लोखंडी असो, लाकडी असो, सुतळीची असो. नसेल तर शेगडीच्या जाळीवरच राहू द्या, फक्त बर्नर बंद आहे ना ते बघा.

काचेची झाकणंही याच यादीत घाला. ती धातूची नसली तरी धातूच्या भांड्यासोबतच येतात आणि तापलेली असताना ओल्या ओट्यावर ठेवली की कधीतरी चुरा होतात.

पायरी ५: निवू द्या

पातळ ॲल्युमिनियमचा तवा दहा मिनिटांत हात लावण्याजोगा होतो, बिडाला अर्धा तासही लागतो. घड्याळ बघण्यापेक्षा पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. गोळी होऊन पळाले तर फारच तापलेला आहे, चर्रकन आटले तर अजून थांबा, थेंब नुसता पसरून बसला तर घासायला घ्या.

भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांच्या येण्याच्या वेळेचा आणि तुमच्या पोळ्यांच्या वेळेचा मेळ घाला. त्या आल्या की सिंकमध्ये दिसेल ते घासणार, त्यांच्याकडे तवा निवण्याची वाट बघायला वेळ नसतो. उपाय सोपा आहे: तापलेला तवा सिंकमध्ये ठेवूच नका. ओट्यावर बाजूला ठेवा आणि "मावशी, तवा शेवटी घ्या" एवढं सांगा.

अगदीच घाई असेल तर? थोडं निवलेल्या पण अजून गरम असलेल्या भांड्यावर कडकडीत पाणी घाला. तापमानातला फरक जितका कमी तितका धोका कमी. करपलेली भाजी सुटवायला लोक तापलेल्या कढईत गार पाणी ओततात, कारण त्या चर्र आवाजाबरोबर खरवड सुटते. तीच खरवड गरम पाणी घालून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवली तरी सुटते, आणि लाकडी कालथ्याने निघते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात त्यासाठी सोडा घालू नका, ते काळं पडतं.

नॉनस्टिकचं वेगळं

नॉनस्टिक तव्यावर जो थर असतो तो प्लास्टिकच्या जातीचा, पीटीएफई नावाचा. तापल्यावर तो खालच्या ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट जास्त पसरू बघतो. खालच्या धातूला तो जेवढा घट्ट धरून असतो तेवढंच त्याचं आयुष्य. रोज तापलेल्या तव्यावर गार पाणी पडलं की ती पकड सैल होत जाते. आधी बारीक फोड दिसतात, मग पापुद्रे निघतात. कालथ्याच्या ओरखड्याला आपण दोष देतो, पण बऱ्याचदा थर आधीच सुटलेला असतो आणि कालथा फक्त निमित्त होतो.

हा थर २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो आणि ३५० च्या पुढे त्याचा धूर होतो. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर हा धूर त्यांना मारू शकतो, हे गंभीरपणे घ्या. नॉनस्टिक रिकामं, मोठ्या आचेवर कधीच नको. तेलाचा हात फिरवूनच गॅस लावा.

हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यावर ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा कठीण थर असतो. तो ओरखड्यांना दाद देत नाही, पण धक्क्याने त्यात केसासारख्या रेषा पडतात. इनॅमलच्या भांड्यावर तर अक्षरशः काच वितळवून बसवलेली असते. तिचा टवका उडतो आणि तिथून खालचं लोखंड गंजायला लागतं.

तांबं-पितळ आणि कल्हई

तांब्या-पितळेची भांडी या बाबतीत भलतीच सोशिक. कल्हई लावताना बघितली असेल तर आठवेल: भांडं भट्टीवर तापवतात, नवसागर टाकतात, कथिलाची कांडी फिरवतात, कापसाने पुसून चकाकी आणतात आणि तसंच गरम भांडं पाण्यात बुडवतात. छन्न आवाज येतो आणि भांडं जसंच्या तसं. तांबं चिवट आहे आणि त्यात उष्णता इतकी लवकर पसरते की गार-गरम ठिगळं टिकतच नाहीत. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून केलेल्या भांड्यांना तर मठारकामाने जास्तीचा कणखरपणा येतो.

यांचं दुखणं दुसरंच. कथिल २३२ अंशांना वितळतं. म्हणजे रिकामं पातेलं आचेवर विसरलात की कल्हई वितळून थेंब-थेंब गोळा होते. भांडं धड दिसेल, पण आत तांबं उघडं पडलेलं असेल, आणि त्यात चिंचेची आमटी किंवा सोलकढी ठेवता येणार नाही. पुन्हा कल्हई करून घ्या, तोवर ते कोरड्या वस्तू ठेवायला वापरा.

पाणी आटलेला कुकर

यावर स्वतंत्र लिहायला हवं, कारण इथे भांड्याबरोबर माणूसही सापडतो.

कुकरच्या आत दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. आत पाणी आहे तोवर ॲल्युमिनियमही तेवढ्यातच राहतं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत पटकन शिजणाऱ्या भाज्यांसाठी कुकर नळाखाली धरून दाब उतरवायला सांगितलेलं असतं. तसं लिहिलं असेल तर धातूला त्यातून फारसा धोका नाही. डाळ-भाताला मात्र ते करू नका. वरची वाफ एकदम निवली की दाब कोसळतो, १२० अंशांचं वरण आत एकाएकी खदखदून वर येतं आणि शिट्टीच्या नळीत अडकतं.

शिट्टी येईना, वाफही दिसेना, आणि करपल्याचा वास येऊ लागला, तर पाणी आटलं आहे असं समजा. आता क्रमाने असं करा. गॅस बंद करा. कुकर हलवू नका. शिट्टी उचलू नका. पाणी ओतू नका, नळाखाली नेऊ नका, ओलं फडकंही टाकू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफ बाहेर पडली असेल तरी हेच. निदान अर्धा तास त्याला तसाच राहू द्या. मग झाकण सहज उघडेल तेव्हाच उघडा. ओढाताण करावी लागली तर अजून थांबा.

उघडल्यावर तीन गोष्टी तपासा. रिंग कडक झाली किंवा तिला चिरा पडल्या असतील तर नवी घ्या. व्हॉल्व्ह वितळला असेल तर त्याच कंपनीचा बसवा, शेजारच्या दुकानातला मिळेल तो नको. आणि बूड बघा. ते बाहेर फुगलं असेल तर त्या कुकरमध्ये पुन्हा दाब धरू नका, कितीही नवा असला तरी. झाकण काढून पातेलं म्हणून वापरता येईल.

पायरी ६: वाकलं की नाही, कसं ओळखायचं

महिन्यातून एखाद्या वेळी भांडं पूर्ण गार असताना सपाट ओट्यावर ठेवा आणि काठावर दोन बोटांनी आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर वाकलं आहे. हाताने हलकेच फिरवून बघा. एका जागी गरगर फिरत राहिलं तर बूड खाली उतरलं आहे, फिरलं नाही पण तेल काठाकडे पळत असेल तर वर उचललं आहे. बुडावर उभी स्टीलची पट्टी धरून मागून मोबाइलचा टॉर्च लावला की फट स्पष्ट दिसते.

कागदाच्या जाडीएवढी फट कुठेही चालते, गॅसवर त्याहून थोडी मोठीही चालते. इंडक्शनवर आणि परदेशातल्या काचेच्या शेगड्यांवर मोठी फट चालत नाही. बूड वर उचललं की काचेखालच्या सेन्सरला भांड्याचं खरं तापमान कळत नाही, मधली जागा अपेक्षेपेक्षा जास्त तापते आणि वाकणं आणखी वाढतं.

लोखंडी किंवा जाड ॲल्युमिनियमचा तवा लाकडी फळीवर पालथा घालून लाकडी हातोड्याने ठोकून घेता येतो. भांड्यांच्या दुकानात किंवा बाजारात ठोकाठोकीचं काम करणारा माणूस असला तर त्याच्याकडून करून घ्या. ट्रायप्लाय, चकतीच्या बुडाची भांडी आणि नॉनस्टिक यांना हातोडा लावू नका, थर आणखी सुटतात.

बिडाचं काम कानाने. तवा मुठीला बोटाने लटकता धरा आणि लाटण्याने हलकेच टिचकी मारा. घुमणारा स्वच्छ आवाज आला तर ठीक. "भद्द" वाजलं तर कुठेतरी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. शोधायची असेल तर तव्याला पातळ तेल लावून दहा मिनिटं ठेवा, फडक्याने अगदी कोरडा पुसा आणि वरून खडूची भुकटी किंवा तांदळाची पिठी भुरभुरा. चिरेत मुरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पिठीवर काळपट रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत लोखंडी भागांतल्या भेगा पूर्वी अशाच, तेल आणि खडूने, शोधत असत.

रेघ काठापासून बोटभर आत आली असेल तर तो तवा आचेवर ठेवू नका. घरगुती वेल्डिंगवाल्याकडे नेऊनही उपयोग नाही. बीड जोडायला आधी सगळं सावकाश तापवून, जोडून, मग तितक्याच सावकाश निववावं लागतं. नाहीतर जोडाच्या शेजारी नवी चीर पडते. भंगारवाला वजनावर घेतो, त्याला द्या, आणि नवा बिडाचा तवा घेताना दुकानातच लाटणं मागून वाजवून घ्या.